मेंदूतली जाळी आणि तिचा परवाना

पक्षाघाताच्या झटक्यातून माणूस सावरतो आणि तपासणीत कळतं की मेंदूतली एक धमनी आतून पार अरुंद झाली आहे. घरच्या मंडळींच्या मनात येतं, वाट अरुंद झाली ना, मग ती रुंद करा! तारेची नाजूक जाळी नळीवाटे आत नेऊन तिथे उघडायची, ही कल्पना कोणालाही पटेल. मलाही पटली असती.

‘विंगस्पॅन’ नावाच्या अशा जाळीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली परवानगी दिली. मात्र नेहमीच्या वाटेने नव्हे. वर्षाला ४,००० पेक्षा कमी लोकांना होणाऱ्या विकारावरील उपकरणाला तिथल्या कायद्यात त्या वेळी मानवतेच्या भूमिकेतून सवलत होती. धोक्यापेक्षा लाभ अधिक संभवतो एवढेच दाखवायचे. लाभ सिद्ध करण्याची अट नाही. विंगस्पॅनच्या पाठीशी अवघ्या ४५ रुग्णांचा अनुभव होता. औषधांनी ज्यांचे भागत नाही त्यांनाच ती बसवावी, असे बंधन होते खरे. सवलतच चुकीची होती असे मी म्हणणार नाही. मोजक्या रोग्यांसाठी हजारोंची चाचणी कोण घेणार?

पुढे सरकारी पैशाने मोठी चाचणी झाली. ४५१ रुग्ण, सर्वांना कसून औषधोपचार, आणि सुमारे निम्म्यांना शिवाय जाळी. एप्रिल २०११ मध्ये नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले. पहिल्या ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू ओढवला तो जाळीच्या गटात १४.७ टक्क्यांना, नुसत्या औषधांच्या गटात ५.८ टक्क्यांना. म्हणजे शंभरात जवळजवळ नऊ माणसं जास्त! मोठी वाट रुंद करताना तिच्यातून फुटणाऱ्या बारीक वाहिन्या काहींच्या बंद पडल्या, काहींना रक्तस्राव झाला.

प्रशासनाने जाळी बाजारातून काढली नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये नियम आवळला: वय २२ ते ८०, धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद, कसून औषधे देऊनही दोन वा अधिक झटके, आणि शेवटच्या झटक्याला सात दिवसांहून अधिक काळ लोटलेला. शिवाय उत्पादकाला पाहणी करायला लावली. तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. नियमात बसणाऱ्या १५२ रुग्णांपैकी २.६ टक्क्यांनाच ७२ तासांत पक्षाघात, रक्तस्राव किंवा मृत्यू आला. आता ७२ तास आणि ३० दिवस यांची बरोबरी होत नाही. शिवाय तुलनेला नुसत्या औषधांचा गट या पाहणीत ठेवलेलाच नव्हता.