पिलांची ऊब आणि कोंबडीचा हिशेब

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा उत्पादन खर्च आपण एकरी काढायला शिकलो. तोच हिशेब घरच्या कोंबडीला का लावू नये? कापसाचा पैसा हातात येईपर्यंत घरातलं मीठमिरची, पोरांच्या वह्या कितीतरी घरांत कोंबडी-अंड्यांवरच निघतात. तो पैसा बाईच्या हातातला असतो, म्हणून त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. आज मांडू.

समजा, एक दिवसाची ५० पिलं ३० रुपयांना एक अशी आणली. १,५०० रुपये झाले. सगळी जगली तर पिलू ३० ला पडलं. २० मेली तर तेच १,५०० रुपये उरलेल्या ३० वर चढले, पिलू ५० ला पडलं. बाजारातला भाव तुमच्या हातात नाही. ही मर थांबवणं मात्र बरंचसं तुमच्या हातात आहे.

पिलाच्या अंगावर सुरुवातीला नुसती लव असते. पिसं येईपर्यंत, म्हणजे पहिले तीन-चार आठवडे, त्याला आपल्या अंगची ऊब धरून ठेवता येत नाही. खुडूक कोंबडी दहा-बारा पिलं पंखाखाली घेते. गिरिराज, वनराजची पिलं मात्र खोक्यातून, आईविना येतात. त्यांना ऊब आपणच द्यायची. त्या सोयीला ब्रूडर म्हणतात. तो विकतच आणला पाहिजे असं नाही.

५० पिलांसाठी पत्रा, पुठ्ठा किंवा बांबूचा तट्ट्या घ्या. दीड फूट उंच, १६ फूट लांब. तो गोल उभा केला की पाच फूट रुंदीचं रिंगण होतं. रिंगण गोलच हवं. कोपरा असला की थंडीत पिलं तिथं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तळाला साळीचं तूस किंवा भुईमुगाची टरफलं दोन इंच पसरा, वर पहिले तीन दिवस वर्तमानपत्र अंथरा. ओली झालेली गादी लगेच काढा.

ऊब पिलामागे साधारण दोन वॅट धरा. १०० वॅटचा एक बल्ब लावण्यापेक्षा ६० चे दोन लावा, एक गेला तरी दुसरा चालतो. बल्ब जुना, तारेचा हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. बल्ब गादीपासून फूट-दीड फुटावर, आढ्याला लोखंडी तारेनं बांधा. सुतळीनं किंवा नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नका. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : ज्या खोलीत कापूस साठवलाय तिथं ब्रूडर लावायचा नाही. एक बल्ब गादीवर पडला तर वर्षाची कमाई राख होईल.

पहिल्या आठवड्यात पिलाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस लागतं. पुढं दर आठवड्याला तीन अंश कमी करायचं, बल्ब वर घ्यायचा. उष्णतामापक नसला तरी पिलंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करतात, तर थंडी वाजतेय. लांब पळून चोच उघडी ठेवून धापा टाकतात, तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली, तर दुसरीकडून वारा लागतोय. रिंगणभर पसरून खातात, निजतात, तेव्हा समजा ऊब बरोबर आहे. रात्री एकदा उठून बघाच. उन्हाळ्यात आपल्याकडं दिवसा बल्ब बहुधा बंदच ठेवावा लागतो.

वीज गेली तर? गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून रिंगणात ठेवा, वरून अर्ध्या भागावर पोतं टाका. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. तिचा वायू दिसत नाही, पिलांना मारतो आणि माणसालाही.

पिलं आल्या आल्या आधी पाणी, थोडा गूळ घालून. ताटली उथळ हवी, तिच्यात खडे टाका म्हणजे पिलू बुडणार नाही. मग कागदावर ज्वारीची बारीक भरड टाका. पण नुसत्या ज्वारीवर पिलू वाढत नाही, पिलांचं तयार खाद्य द्यावंच लागतं. सरकीची ढेप बैलाला चालते म्हणून पिलांना घालू नका, तिच्यातलं गॉसिपॉल पिलांना बाधतं. काळी पडलेली, बुरशी लागलेली ज्वारीही नको.

शेवटची गोष्ट लसीची. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की खुराडं रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस डोळ्यात एक थेंब, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरोची, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. लस बर्फातच आणायची. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पिलांची लस असते आणि फोडलेली कुपी दुसऱ्या दिवशी चालत नाही. म्हणून गल्लीतल्या चार-पाच बायांनी एकाच दिवशी पिलं आणा, कुपी वाटून घ्या.

आणि वहीत दोनच रकाने ठेवा : किती पिलं आणली, किती जगली. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. खर्च काय पडला, ते सगळे मिळून काढू.