कात्रीची विद्या
(करंजा येथें कारागीर बंधूंपुढें केलेलें भाषण)



करंजा हें खाडीच्या तोंडावरचें गांव. येथला खारा वारा लोखंडास सुखानें बसूं देत नाहीं, हें कोळ्याच्या कोयत्यापासून न्हाव्याच्या धोकटीपर्यंत सर्वांस ठाऊक आहे. आज मी केंस कापण्याच्या कात्रीविषयीं बोलणार आहें. विषय लहान दिसेल. पण ज्याचें पोट पांच-सहा इंचांच्या धारेवर चालतें, त्याच्या घरीं तो लहान नाहीं.

पोथींतली तेवढीच विद्या आणि हातांतली ती मजुरी, असें आपणांस पिढ्यान्‌पिढ्या शिकविलें गेलें. त्यामुळें दुकानदार देईल ती कात्री घ्यावी व धार लावणारा घांशील तशी घांसूं द्यावी, अशी संवय जडली. मग कात्री बिघडते, गिऱ्हाईक ओरडतें, आंगठा दुखतो, आणि दोष मात्र नशिबास दिला जातो!

आतां कात्रीची घडण पाहा. चांगल्या कात्रीचीं पातीं आंतून किंचित् पोकळ असतात व त्यांस थोडा बाक असतो. मिटलेली कात्री उजेडासमोर कडेनें धरली, तर दोन पात्यांच्या मध्यें बारीक फट दिसते. पातीं मिटतांना धार धारेस एकाच ठिकाणीं भेटते व तें ठिकाण टोंकाकडे सरकत जातें. केंस तुटतो तो तेथेंच.

म्हणून आंतली बाजू सराणीवर सपाट केली कीं कात्री मेली. ती लखलखते खरी, पण केंस कापण्याऐवजीं दुमडते. शिकलगार आपलाच भाऊ आहे. विळा, कोयता, सुरी तो उत्तम लावतो. परंतु विळ्याचा हिशेब कात्रीस लागू पडत नाहीं. धार लावावी ती बाहेरच्या उतारावर, मूळचा कोन राखून, पोलाद तापूं न देतां. पोलाद निळें पडलें कीं त्याचें पाणी उतरलें असें समजा. आंतून सपाट, बारीक दगडावर एक-दोन हात फिरवावे, तेही धारेवर उलटलेली कड काढण्यापुरते. ती कड निघण्यापूर्वीं पातीं मिटूं नका. नवी धार तेथेंच खराब होते. ज्या कात्रीची धार बाहेरून गोलाईची असते, ती तर जाणत्याखेरीज कोणाच्या हातीं देऊं नका.

विकत घेतांना कात्री कोणत्या कामाची तें आधीं पाहा. मेरठची कात्री नामांकित आहे. तिला २०१३ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण शिंप्याची कात्री कितीही नामांकित असली तरी ती केंसांची नव्हे. फणीवरून केंस उतरविण्यास सहा-सात इंचांची, बारीक कामास पांच-साडेपांच इंचांची बरी. खिळा ठोकलेली नको. स्क्रू असलेली घ्या, म्हणजे ती कमी-जास्त आवळतां येते. एक कडें हातांत धरून दुसरें पातें काटकोनांत उघडा आणि सोडा. तें धाडकन् मिटलें तर कात्री सैल, जागचें हललेंच नाहीं तर घट्ट. थोडें उघडें राहून थांबलें तर बरोबर. सैल कात्री केंस दुमडते, घट्ट कात्री आंगठा खाते. मग ओला पातळ कागद टोंकापर्यंत कापून पाहा. तो फाटला किंवा दुमडला तर पैसे देऊं नका.

खाऱ्या हवेंत गंज न धरणारें पोलाद बरें. पण तें कठीण असावें, नुसतें चकचकीत नको. एकदां पारख झाली कीं या कात्रीनें पुन्हां कागद, दोरा, कापड कापूं नका. रात्रीं कोरड्या फडक्यानें पुसून स्क्रूपाशीं तेलाचा एक थेंब सोडा.

१८९० सालीं मुंबईच्या न्हावी बंधूंनीं विधवांचें केशवपन करण्यास नकार दिला. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशीं उभे होते. आपलें हत्यार कोणावर चालवूं नये, हें त्यांनीं स्वतः ठरविलें. मग तें कसें राखावें, हें आपण दुसऱ्यावर कां सोंपवावें? आज नाना जातींचीं मुलें व मुली हें काम शिकत आहेत. त्यांच्यापासून ही विद्या लपवूं नका. लपवून ठेवलेल्या विद्येचें आपण पुष्कळ भोगलें आहे.

पुढच्या वेळीं कात्री धारेस द्याल, तेव्हां समोर उभे राहा आणि आंतल्या बाजूस सराण लागूं देऊं नका. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.