हिऱ्यासारखा थर आणि धातूची चिमूट



हिऱ्यात कार्बनच्या प्रत्येक अणूला चार शेजारी असतात, पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटात तीन. १९७१ साली अमेरिकेत आयझेनबर्ग व शॅबॉट यांनी कार्बनचे विद्युत्भारित अणू वेगाने आदळवून एक पातळ थर बसविला. हिऱ्यासारख्या कार्बनच्या अशा थरांत दोन्ही तऱ्हेचे बंध नांदतात, स्फटिकाची शिस्त मात्र नसते.

अडचण अशी की, आत घुसणाऱ्या अणूंची जी दाटी थराला कठीण करते, तीच त्याच्या जिवावर उठते. आतला दाब अब्जावधी पास्कलांवर जातो, आणि थर जरा जाड करू म्हटले की ओल्या भिंतीच्या रंगासारखे त्याचे पोपडे सुटतात.

म्हणून त्यात धातू मिसळतात. टंगस्टन, टिटॅनियम हे कार्बनशी सोयरीक जुळविणारे. थोडे असले तर त्यांचे अणू जाळ्यात विखुरलेले राहतात. वाढले की कार्बाइडचे कण बनतात, मिलिमीटरच्या दहा लाखांव्या भागाने मोजण्याजोगे. तांबे, चांदी यांचे कार्बनशी जमत नाही. ती आपले निराळे कण करून बसतात. दोन्ही परी दाब बहुधा उतरतो. पण फुकट नव्हे! ग्रॅफाइटी बंध वाढतात आणि कठीणपणा बराचसा जातो.

हा सौदा तोट्याचा, असे आम्हांस वाटत नाही. दंतचक्रांवर टंगस्टनमिश्रित थर देतात, तो सर्वांत कठीण असतो म्हणून नव्हे. तो टिकून राहतो म्हणून.