चामखीळ राजा झाला त्याची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘मला आवडलेले पुस्तक’ या विषयावर चार शब्द बोला, असे कार्यवाहताईंनी सांगितले तेव्हा मला घामच फुटला. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि आवडलेले पुस्तक पडले इंग्रजी! ते मी वाचलेले नाही, ऐकलेले आहे. रात्री मी उद्याची भाजी निवडायला बसले की कॉलेजात जाणारी माझी धाकटी लेक त्यातले एकेक प्रकरण मराठीतून सांगे. तेव्हा काही चुकले तर दोष माझा समजावा.

पुस्तकाचे नाव ‘द वन्स अँड फ्यूचर किंग’. लेखक टी. एच. व्हाइट. हे गृहस्थ १९०६ साली जन्मले ते आपल्या मुंबईत. वडील इथे पोलीस खात्यात होते. आईबापांचे पटत नसे, म्हणून मूल लहानपणीच विलायतेस आजीआजोबांकडे वाढले. पुढे ते शाळामास्तर झाले. या कथेचा पहिला भाग १९३८ साली निघाला आणि चार भाग एकत्र १९५८ साली. १९६४ साली ते वारले.

विलायतेत राजा आर्थर आणि त्याचे शिलेदार यांच्या दंतकथा फार जुन्या आहेत. थॉमस मॅलरी यांचा त्यावरचा ग्रंथ १४८५ साली छापला गेला. व्हाइटसाहेबांनी त्याच कथा घेतल्या, पण हसत हसत सांगितल्या.

आर्थर लहानपणी एका सरदाराच्या गढीत वाढतो. आईबाप कोण ते ठाऊक नाही. सारे त्याला वॉर्ट म्हणतात, वॉर्ट म्हणजे चामखीळ! सरदाराचा खरा मुलगा के. तो मोठेपणी शिलेदार होणार आणि आपला चामखीळ त्याच्या ढालीतलवारी उचलणार, हे ठरलेले.

एकदा रानात चुकलेल्या या पोराला मर्लिन नावाचा जादूगार भेटतो. एवढा मोठा जादूगार, पण विहिरीचे पाणी शेंदताना चरफडत असतो की, इतकी विद्या शिकून अखेर नशिबी बादलीच का? नळाचे पाणी का नाही? भगिनींनो, हे ऐकून मी पोटभर हसले. आपल्यापैकी कोण नळापाशी असे बोललेले नाही? त्याच्या घरी न्याहारी आटोपली की कपबशा आपण होऊन धुवायला धावतात आणि तो ओरडतो की कोणी फुटू नका. ही विद्या शिकवणारा गुरू मिळाला तर आपले मंडळ एका दिवसात दुप्पट होईल.

पेलिनोर नावाचा एक राजा आहे. तो सतरा वर्षे एका विचित्र जनावरामागे हिंडतो. त्याच्या पोटातून तीस जोड्या कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येते. कंटाळून राजा मित्राकडे मऊ बिछान्यावर झोपायला जातो, तर ते जनावर आपला कोणी पाठलाग करीत नाही म्हणून झुरून मरायला टेकते! माझ्या सासूबाईंची आणि माझी वर्षानुवर्षे धुसफूस चाले. पण त्या गावी गेल्या की मला अन्न गोड लागत नसे. त्या गेल्यावर हे कळले. ही गोष्ट ऐकताना हसता हसता डोळे भरून आले.

मर्लिन मुलाला छडी मारून शिकवीत नाही. त्याला मासा करतो, मुंगी करतो, रानहंस करतो. खंदकातला मोठा मासा म्हणतो की बळ हेच खरे. हंसिणीला मात्र आपल्याच जातीशी युद्ध करायचे ही कल्पनाच किळसवाणी वाटते. पुढे राजा झाल्यावर आर्थर गोल मेज मांडतो आणि शिलेदारांचे बळ न्यायाच्या कामी लावू पाहतो. त्यात त्याला पुरते यश येत नाही. पण ती धडपड मोठी आहे.

केची विसरलेली तलवार आणायला गेलेला हा पोर दगडावरच्या ऐरणीत रुतलेली तलवार सहज उपसतो. के आधी म्हणतो, मीच काढली. बापाने विचारल्यावर मात्र खरे कबूल करतो. मग तो बाप गुडघे टेकतो, आणि नवा राजा रडू लागतो. मुकुट मिळाला, पण बाबा पाया पडू लागले. असे राजेपण कोणत्या लेकराला हवे?

मर्लिनचे एक सांगणे माझ्या मनात घर करून बसले आहे. मन उदास झाले तर काहीतरी नवे शिकावे, हाच त्यावरचा उतारा. भगिनींनो, सातवीनंतर माझी शाळा सुटली ती धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी. त्याचे कोणाला बोल लावीत नाही. पण शाळेची घंटा ऐकली की आजही आत काही हलते. म्हणून आज इथे सांगून टाकते. सतरा नंबरचा फॉर्म भरून मी दहावीला बाहेरून बसणार आहे. वय शेहेचाळीस. घरात अजून फक्त लेकीला ठाऊक आहे. ‘हे’ मागच्या रांगेत बसले आहेत, त्यांनाही आत्ताच कळते आहे.

कोणी हसेल तर हसू द्या. चामखिळीलाही हसतच होते. गणिताला मात्र कोणी मर्लिन भेटला तर त्याला आमच्या घराचा पत्ता द्यावा, एवढी विनंती करून माझे दोन शब्द संपवते.