लेकरांना धरण दाखवा
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



आम्ही साच्यावर उभी राहणारी माणसं. जंगलावर आम्ही काय बोलावं, असं कुणी म्हणेल. पण पाण्यावरचा हक्क बाबासाहेबांनी 1927 साली महाडला बजावला, आणि जंगलाची गोष्ट शेवटी पाण्याचीच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली शाळांत पर्यावरण शिकवा असे सांगितले. पुस्तके आली, गुणही आले. आपल्या पोरांनी वहीत वाघ चिकटवले. पण अकोल्याच्या नळाचे पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते आणि त्या धरणाभोवती 1988 पासून अभयारण्य आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले नव्हते.

म्हणून मागच्या ऑक्टोबरात, वन्यजीव सप्ताहात, चाळीस लेकरं घेऊन आम्ही तिथे गेलो. भाड्याची गाडी, घरून बांधलेल्या भाकरी, ठेचा. भाषण आम्ही केले नाही. (आज भरून काढतो आहोत!) तिथल्या वनमजुराने भेकराचा खूर कोणता, बकरीचा कोणता, ते ओल्या मातीत काडीने दाखवले. मग बाटलीतले पाणी उघड्या उतारावर ओतले. ते गढूळ होऊन पळाले. तेवढेच गवतावर ओतले. ते जागीच मुरले. धरणात गाळ कसा जातो, हे पोरांना तेवढ्यात समजले.

एका मुलीने विचारले, "काका, एवढं पाणी हाये, मंग आपल्या नळाले रोज काउन येत नाही?" आम्हाला उत्तर देता आले नाही. तिला तो प्रश्न वहीत लिहायला लावला. खारपाणपट्ट्यातून आलेल्या आपल्या म्हाताऱ्यांना विचारा, विहीर भरलेली आणि तोंडाला लावायला घोट नाही, म्हणजे काय असते!

तिकडे मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरे मोजतात. पाणी आटलेले, चांदणे लख्ख, म्हणून ती रात्र. शहरातली माणसे पैसे भरून जातात. जावे, आमचा राग नाही. पण 1974 साली तिथे व्याघ्रप्रकल्प झाला, आणि पुढे वाघासाठी गाव सोडून काही कोरकू कुटुंबे अकोट-तेल्हाऱ्याकडे उतरली. त्यांच्या लेकरांना आपल्या गाडीत बसवा. त्यांच्या घरची म्हातारी माणसंही सोबत घ्या. झाडांची नावं आपल्या पोरांना तीच सांगतील.

यंदा दोन गाड्या लागतील. मंडपाचा खर्च थोडा कमी करू; कार्यकारिणीला हे आवडणार नाही, तरी बोलतो. सभा संपली की पायरीवर वही घेऊन बसतो, नावे तिथे द्या.

जयभीम.