मलिन हवेचे दोन दिवस
(उज्जैन येथील मराठी भाषकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मराठी माणसाचे उज्जैनशी नाते जुने आहे. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. या नगरीच्या हवेचीही काळजी आपण वाहिली पाहिजे. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मलिन हवेच्या शहरांत उज्जैनचाही समावेश झाला.

धुराने आयुष्य हळूहळू झिजते, हे सर्वांना पटते. परंतु हवा बिघडताच एकदोन दिवसांत मृत्यू वाढतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाचा धूर आणि धुके साचून राहिले. त्यामुळे सुमारे ४,००० माणसे अधिक दगावल्याचा अंदाज तेव्हा करण्यात आला. पुढील संशोधकांनी तो १२,००० पर्यंत नेला. वृद्ध आणि छातीचे विकार असलेले लोक त्यांत पुष्कळ होते.

मृत्यूच्या दाखल्यावर धुराचे नाव येत नाही. तेथे दमा किंवा न्यूमोनिया अशी नोंद होते. रोजचे मृत्यू आणि रोजच्या हवेचे मोजमाप शेजारी मांडले, म्हणजे खरे कारण दिसू लागते. २४ देशांतील ६५२ शहरांचा असा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले, की श्वसनविकारांचे मृत्यू ०.७४ टक्क्याने वाढतात, असे त्यात आढळले. आकडा लहान वाटतो. परंतु हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, धूर खालीच कोंडतो आणि कण याच्या कितीतरी पट वाढतात. मुंबई-पुण्यासह भारतातील दहा शहरांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील ७.२ टक्के मृत्यूंचा संबंध या कणांशी जोडता येतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपल्या देशाची दैनिक मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. तिच्या आतही धोका आढळला.

२०२८ चा सिंहस्थ चैत्र-वैशाखात येत आहे. गव्हाच्या कापणीनंतर उरलेली नरवाई शेतात जाळली जाते, तीही याच सुमारास. तो धूर गावाच्या शिवेवर थांबत नाही. शेतकरी बंधूंनी नरवाई जाळू नये. तिचा भुसा करावा अथवा ती जमिनीत गाडावी. अधिकाऱ्यांनी बांधकामाची धूळ पाणी मारून बसवावी, कचरा जाळू देऊ नये आणि मृत्यूची नोंद काळजीपूर्वक करवून घ्यावी. शिक्षकांनी धुरकट सकाळी मुलांची कवायत मैदानावर घेऊ नये. घरात दमेकरी वा वृद्ध असतील, तर अशा दिवशी त्यांना घरातच ठेवावे, औषध हाताशी असू द्यावे आणि धाप लागताच दवाखाना गाठावा.

मलिन हवेचे ते एकदोन दिवस आपण सांभाळले, तर कित्येक घरांतील वडीलधारी माणसे वाचतील.