भात किती वाजता उतरवला?



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर. स्वयंपाकातलं मला मॅगीपलीकडे काही कळत नाही, हे आमच्या सौ. पहिल्या रांगेतून मान हलवून सांगतच आहेत. तरीही आज वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराबद्दल बोलायचं आहे, कारण एक चूक माझीच आहे.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत गावी गेलो होतो. आजोबांच्या पुण्यतिथीला तिथल्या वृद्धाश्रमात जेवण दिलं. मसालेभात सकाळी आठला तयार झाला, मोठ्या पातेल्यात झाकून टेम्पोने गेला. मग हार, फोटो, माझं छोटंसं भाषण (खोड जुनीच!). पंगत बसली दीडला. संध्याकाळपर्यंत सहा जणांना उलट्या. एका आजींना सलाईन लावावं लागलं. सगळे बरे झाले, पण डॉक्टरांनी मला एकच विचारलं, "भात किती वाजता उतरवला?"

तेव्हा कळलं की तांदळात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. 'उकळी आणली की झालं' हा आपला घरोघरीचा समज इथे फसतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका. वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवा, नाहीतर लवकर गार करून ५ अंशांच्या खाली. तरुण माणूस एक दिवस झोपून उठतो, ऐंशीच्या माणसाला तेवढी उलटीही जड जाते.

आणि हे फक्त गावाकडचं नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये इथे रियाधला मेयॉनीजमधून बोट्युलिझमची बाधा झाली. ७५ जण आजारी पडले, एक दगावला. दुकान चकचकीत होतं, मंडळी.

म्हणून यंदाच्या निधीतून पंगत नको, स्वयंपाकघराला सामान देऊ, असं मी सुचवलं. माझी यादी अर्थातच इंजिनियरची: मोठा फ्रिज, डिजिटल थर्मामीटर, वेळ लिहायला वही. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशींना फोनवर वाचून दाखवली.

त्या म्हणाल्या, "दादा, फ्रिज द्याच. पण आधी चार मोठ्या पराती द्या. पातेलंभर गरम भात फ्रिजात गार व्हायला रात्र जाते, परातीत पसरला की लगेच निवतो."

पराती आता यादीत सगळ्यात वर आहेत.